समोरच्या गच्चीवरची झबली

मी, किसनराव शेषराव ताथोड, वय शहात्तर पूर्ण, जिल्हा परिषदेचा निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित, राहणार बाळापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती यंदाच्या मार्च महिन्यात ठिकाणावर आली. त्याआधीची चाळीस वर्षे ती समोरच्या गच्चीवर होती, ते पुढे येईलच. गुडघे सोडले तर शरीरही बरे आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी दुर्गाबाई. ती २०१२ साली गेली. ती असती तर हा कागद दुसऱ्यांदा लिहायची पाळी आली नसती.

दुसऱ्यांदा म्हणण्याचे कारण, २००८ साली मी एक मृत्युपत्र केले होते आणि गणपतीच्या मंडपात माईकवरून वाचूनही दाखवले होते. त्यात असे होते की माझे राहते घर माझ्या दोन अपत्यांपैकी, म्हणजे मुलगा गोपाल आणि मुलगी अपेक्षा यांपैकी, ज्याला आधी तिसरे मूल होईल त्याला मिळावे. दोघांनाही न झाल्यास ते आमच्या संख्याबळ समितीला मिळावे. अपेक्षाचे तेव्हा लग्नदेखील झालेले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते मृत्युपत्र मी आज मुळासकट रद्द करतो.

कलम १. घराची चतुःसीमा. उत्तरेस पंजाबराव यांचे घर, पश्चिमेस धर्मपाल यांचे, दक्षिणेस रस्ता, आणि पूर्वेस आठ फुटांची गल्ली सोडून नियाजभाई यांचे दोन मजली घर. पूर्व सीमा जरा तपशिलाने लिहावी लागेल, कारण माझे सारे वाटोळे तिकडूनच सुरू झाले.

नियाजभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या पत्नी हलीमाबी. १९८५ सालापासून त्यांच्या गच्चीवर एक दोरी आहे आणि त्या दोरीवर रोज सकाळी तान्ह्या मुलांची झबली वाळत असतात. कधी चार, कधी नऊ. मी रोज दात घासताना ती मोजत असे. त्या घरात मला दोनच मुले दिसत, दानियाल आणि शाहीन. बाकीची आत झोपली असतील, मामाकडे असतील, असे मी धरून चालत असे. गणिताच्या माणसाला काहीतरी धरून चालायची सवय असते.

१९९१ च्या जनगणनेत आमची गल्ली माझ्याकडेच होती. मी फॉर्म घेऊन नियाजभाईंच्या ओसरीवर बसलो, हलीमाबींनी चहा दिला, मी विचारले, मुले किती? त्या म्हणाल्या, दोन. मी माझ्या वळणदार अक्षरात दोन लिहिले आणि घरी येऊन माझ्या वहीत सात लिहिले. २००१ मध्ये पुन्हा तोच चहा, पुन्हा दोन, आणि माझ्या वहीत अकरा. सरकारी कागदावर माझ्याच हातचा खरा आकडा होता आणि माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

कलम २. सदर वही, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, हिचा वारसा कोणालाही देत नाही. ती माझ्यासोबत सरणावर ठेवावी. चांगली वाळलेली आहे, लवकर पेटेल.

कलम ३. दुर्बीण. ही मी शेतातली रानडुकरे पाहायला घेतली होती. डुकरे एकदाही पाहिली नाहीत. ती नियाजभाईंना द्यावी. त्यांनी माझ्या गच्चीकडे खुशाल पाहावे.

कलम ४. संख्याबळ समिती. ही २००३ साली चहाच्या टपरीवर स्थापन झाली. कोणीतरी म्हणाले, "त्यायचे वाढून राहिले, आपले घटून राहिले, काहीतरी केलं पाह्यजे." पंजाबराव अध्यक्ष झाले, मी चिटणीस, कारण वही माझ्याकडे होती. आम्ही जाहीर केले की आपल्या माणसांपैकी ज्याच्या घरी तिसरे मूल होईल त्याला चांदीची वाटी आणि चमचा. वाटी घेतली, नाव कोरायला जागा सोडली. बावीस वर्षांत आपल्या माणसांकडून एकही अर्ज आला नाही. पंजाबराव दर कार्यक्रमात "तीन तरी पाह्यजेत!" असे गरजत. त्यांचे दोन्ही मुलगे, एक छत्तीसचा, एक चौतीसचा, शेती करतात म्हणून कोणी मुलगी देत नाही. एकदा धर्मपाल समोरच बसले होते. ते एस.टी.त वाहक होते, बौद्ध, त्यांना एकच मुलगी, ती नांदगावला तहसीलमध्ये मोठ्या हुद्द्यावर. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तिसऱ्या नातवाचं मंग पाहू. पयले एक सून तं आना."

एकच अर्ज आला तो नियाजभाईंचा. त्यांनी रीतसर कागदावर लिहिले होते, "ताथोड गुरुजींच्या वहीप्रमाणे मले अकरा पोट्टे हायेत. तिसऱ्याले एक वाटी, तं मले नऊ वाट्या भेटल्या पाह्यजेत." समितीची तातडीची बैठक झाली. अर्ज आपल्या माणसाचा नाही म्हणून फेटाळावा, तर तसे लेखी देण्याची कोणाची हिंमत होईना, कारण सगळ्यांच्या मोटारी त्यांच्याच दुकानात पडलेल्या. वही खोटी म्हणावे, तर समिती कशाच्या जोरावर उभी? तीन तास डोके खाजवून आम्ही अर्ज विचाराधीन ठेवला. तो आजही विचाराधीन आहे. या मृत्युपत्रान्वये मी तो मंजूर करतो. वाटी-चमचा नियाजभाईंना द्यावा. वाटी एकच आहे, त्यांनी आठ सोडून द्याव्यात.

कलम ५. शेत. मौजे बाळापूर शिवारातले चार एकर काळे रान गोपाल याला. तो अमरावतीत राहतो, त्याला एक मुलगा शिवम. जुन्या मृत्युपत्राबद्दल मी त्याला दर पोळ्याला आठवण करून देत असे, तेव्हा तो म्हणायचा, "बाबा, कुत्रं धरून दोन झाले, तिसऱ्यासाठी मांजर आनू का?" मला तेव्हा राग आला होता. आज मृत्युपत्रात लिहून देतो की उत्तर चोख होते.

कलम ६. आठ झबली. इथे मला सावकाश लिहू द्यावे.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला पहिल्यांदा कोरे कापड घालत नाहीत. जुने, मऊ, पुष्कळदा धुतलेले घालतात, आणि ते भरल्या घरातले असावे, जिथे मुले जगली-वाढली तिथले, अशी बायांची समजूत. दुर्गा गेली त्या वर्षीच्या दिवाळीला मी अकोल्याच्या कापड बाजारातून असे एक झबले घेतले आणि अपेक्षाला अमरावतीला एस.टी.च्या पार्सलने पाठवले. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. सोबत चिठ्ठी, "लवकर वापरात यावे." पुढच्या दिवाळीला दुसरे. अशी आठ वर्षे आठ. लॉकडाऊनमध्ये पार्सल बंद पडले म्हणून थांबलो, अक्कल आली म्हणून नव्हे.

अपेक्षा तिथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. २०१८ च्या मे महिन्यात ती आली होती. मी तिला वही दाखवली. ती खूप हसली. मग तिने जुन्या मृत्युपत्राच्या कोऱ्या पाठीवर आमच्या गल्लीचा तक्ता काढला. प्रत्येक घरच्या तीन पिढ्या. माझ्या आजीला दहा, आईला सहा, दुर्गाला दोन. नियाजभाईंच्या आजीला नऊ, आईला सात, हलीमाबींना दोन. धर्मपालच्या घरी आठ, पाच, एक. म्हणाली, "बाबा, पाहा. सगळे एकाच जिन्यानं खाली उतरून राहिले. कोणी दोन पायऱ्या पुढं, कोणी दोन पायऱ्या मागं. कोणाकडे लग्न लवकर होतं, कोणाकडे मुलगा पाह्यजे म्हणून थांबत नाहीत, कोणाकडे सासूचा शब्द चालतो. त्यानं पायरी मागंपुढं होते. पण पोरी शाळेत गेल्या की सगळ्यायचा जिना तोच."

मी म्हणालो, "हे ठीक. पण आपल्या घरी तुझ्या नावापुढे रिकामे काहून?"

मी तिच्या हातातला पेन घेतला आणि त्या रिकाम्या जागी ३ लिहिला.

तिने पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीने निघून गेली. त्यानंतर सात वर्षे ती या घरी आली नाही. पाय ठेवला नाही. फोन केला तर जावईबापू उचलत, "ती क्लासमध्ये आहे" म्हणत. रात्री कसले आले क्लास, हे मला कळत होते. पण मी बाप, मी मुख्याध्यापक, मी का वाकायचे?

यंदाच्या मार्चमध्ये देवमन एक खोके घेऊन आला. देवमन एस.टी.च्या पार्सल खिडकीवर काम करतो, माझा विद्यार्थी. खोक्यात माझीच आठ झबली. धुतलेली, इस्त्री केलेली, एकही न वापरलेले. आणि चिठ्ठी, "बाबा, ही तुमच्या दोरीवर वाळत घाला. मोजायला सोपी जातील."

माझा असा संताप झाला की मी खरेच गच्चीवर गेलो, या गुडघ्यांनी, दोरी बांधली आणि आठही झबली टांगली. घ्या म्हटले, मोजा.

गल्लीने मोजली. सकाळी सात वाजता पंजाबराव दाराशी. कान लाल. "गुरुजी, आमाले न सांगता?" मी म्हणालो, काय न सांगता? तर ते माझ्या खांद्यामागून घरात पाहायला लागले. नऊ वाजेपर्यंत शहात्तर वर्षांच्या विधुर ताथोड गुरुजींनी चांदूर बाजारकडची तरुण बायको केली, अशी बातमी पार बाजारापर्यंत गेली होती. मुले किती यावर दोन मते होती. कोणी म्हणे जुळे, कोणी म्हणे झबली आठ आहेत तर दोघांना इतकी लागत नाहीत. अकरा वाजता समिती शाल आणि श्रीफळ घेऊन आली. मी ओरडून ओरडून सांगत होतो, "अरे बयताडांनो, घरात कोणी नाही! मी एकटा आहे! वरण-भात मी स्वतः लावतो!" पंजाबराव गहिवरून म्हणाले, "लपवू नोका गुरुजी. आत झोपले असतीन."

आत झोपले असतील. हे वाक्य माझे होते. चाळीस वर्षे मी ते वापरले होते. शाल माझ्या खांद्यावर होती आणि मी खाली बसलो.

तेवढ्यात गल्ली ओलांडून हलीमाबी आल्या. वय अडुसष्ट, चालायला काठी, पण त्यांना पाहून समिती आपोआप दोन पावले मागे सरकली. त्या जिना चढून गच्चीवर गेल्या, एक झबले उलटे केले, शिवण पाहिली आणि वरूनच म्हणाल्या, "गुरुजी, हे तं माये हायेत."

खाली आल्यावर त्यांनी सांगितले ते असे. १९८५ पासून त्या जुन्या धोतरांची, जुन्या लुगड्यांची झबली शिवतात. तीनदा धुतात, उन्हात वाळवतात आणि अकोल्याला पाठवतात. शिवणीत एक निळा दोरा घालतात, ती त्यांची खूण. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बारशाचे पहिले झबले त्यांच्याकडचेच. पंजाबरावांचे दोन्ही मुलगे, माझा शिवम, सगळे त्यातच गुंडाळलेले. बाया मागच्या दाराने येत.

"तुमी आमच्या घरी अकरा पोट्टे हायेत असं गावभर सांगत होते," हलीमाबी म्हणाल्या, "त्यानं मायं काम भल्लं वाढलं. भरल्या घरचं झबलं म्हनून बाया पार अकोल्याहून येत. मी कायले खोडून काढू?"

म्हणजे जी झबली मी त्यांची पोरे म्हणून मोजली, तीच मी अकोल्याला जाऊन विकत घेतली आणि माझ्या पोरीला पाठवली. मी नियाजभाईंकडे पाहिले. ते दारात उभे राहून पान चघळत होते. "मले ठाऊक होतं," म्हणाले. "म्हटलं मोजू दे. मास्तरले तेवढाच विरंगुळा."

गल्लीतल्या सगळ्या बायांना माहीत होते. पुरुषांपैकी नियाजभाई सोडून एकालाही नाही. बायांना कोणी विचारलेच नव्हते.

समिती गेल्यावर हलीमाबी थांबल्या. म्हणाल्या, "आता दुर्गाबाई नाई, तं सांगून टाकतो. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत दुर्गाबाई मोझरीले गेल्या होत्या, याद हाय?" मला आठवत होते. दुर्गा दोन दिवस गुरुकुंज मोझरीला दर्शनाला गेली होती आणि आल्यावर आठ दिवस पडून होती. मी म्हटले होते, प्रवासाचा शीण. प्रसाद मागितला तेव्हा तिने फुटाणे दिले होते.

"मी घरी सांगतलं, चांदूर बाजारले खालेकडे, म्हंजे मावशीकडे, चालली. दोघी एकाच गाडीत बसलो. अमरावतीले दवाखान्याचं शिबिर होतं. एका बाकावर बसलो, एका खोलीत झोपलो, दोघीचंही ऑपरेशन एकाच सकाळी झालं. फुटाने स्टँडवरचे होते. कागदावर मालकाची सही पाह्यजे होती. तं नियाजची सही दुर्गाबाईनं केली आन् तुमची मी केली."

"माझी?"

"क अक्षराले तुमी वेलांटी काढता तशी. चांगली झाली होती."

मी विचारले, काहून? मला का नाही सांगितले?

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी तिसरं मागतलं असतं. आमच्या यायनं बी मागतलं असतं. आमी बाकावर बसून ठरवलं, दोन पोट्टे पुरे, दोनाइले शिकवू. दुर्गाबाई म्हने, पोरगी बी शिकली पाह्यजे. झालं."

मी चाळीस वर्षे दोन गच्च्यांमधला फरक मोजत होतो, आणि दोन्ही घरांचा आकडा त्या दोघींनी एकाच बाकावर बसून ठरवला होता. मला दुर्गाचा राग यावा म्हणून मी बराच वेळ बसून पाहिले. आला नाही. तिची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी मी धर्मपालच्या मोबाइलवरून अपेक्षाला फोन लावला, म्हणजे ती उचलेल. उचलला. मी काय काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते, पण तोंडातून एवढेच निघाले, "अपू, तू कशी आहेस?"

ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं."

मग तिने सांगितले. दोनदा दिवस राहिले होते. चौदा साली तिसऱ्या महिन्यात गेले, सोळा साली पाचव्या. दोन्ही वेळा दिवाळी जवळ होती आणि दोन्ही वेळा दवाखान्यातून घरी आली तेव्हा दारात माझे पार्सल होते. सतरा साली डॉक्टरांनी सांगितले, आता नको. आणि अठरा साली मी तो आकडा लिहिला.

मी तिची माफी मागितली. मुख्याध्यापक असताना कोणाची मागितली नव्हती, म्हणून नीट जमली नाही, पण मागितली.

सदर आठ झबली अपेक्षाच्या परवानगीने हलीमाबींना परत द्यावीत. तसेच माझ्या निधनानंतर माझी सर्व धोतरे, मऊ झालेली अकरा नग, हलीमाबींकडे द्यावीत. त्यांनी त्यांची झबली शिवावीत आणि गल्लीत ज्याच्या कोणाच्या घरी मूल येईल त्याला द्यावीत. घर कोणाचे ते पाहू नये. पहिले का पाचवे ते विचारू नये. पंजाबरावांच्या मुलांची लग्ने झाल्यास त्यांच्यासाठी दोन राखून ठेवावीत. तेवढी आशा मी बाळगतो.

कलम ७. राहते घर, वर लिहिलेल्या चतुःसीमेसह, गच्चीसह व गच्चीवरच्या दोरीसह, माझी मुलगी अपेक्षा हिला कोणत्याही अटीशिवाय द्यावे. गोपालने यास संमती दिली आहे. तो म्हणाला, "पह्यले तिलेच द्यायचं होतं." अपेक्षाने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा त्यात राहावे. एकटीने राहिली तरी ते घर भरलेले धरावे. मृत्युपत्राची अंमलबजावणी गोपालने पाहावी.

कलम ८. समिती आजपासून बरखास्त. शाल पंजाबरावांना परत.

परिशिष्ट म्हणून अपेक्षाने २०१८ साली काढलेला तक्ता जोडला आहे. त्यात एके ठिकाणी खाडाखोड आहे. ती मीच केली असून शेजारी सही केली आहे. खोडलेल्या आकड्याच्या जागी दुसरा आकडा लिहिलेला नाही, व कोणी लिहू नये.

खालील सही माझी स्वतःची आहे. ती करताना हलीमाबी समोरच्या गच्चीवर होत्या, त्यामुळे संशयाला जागा नाही. अपेक्षा काल संध्याकाळच्या गाडीने आली. आज सकाळी तिने माझ्या दोरीवर तिचा पिवळा कुर्ता वाळत घातला. हलीमाबींनी तो तिकडून पाहिला, काठी उचलली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, लिवा! एक!"

लिहिले.

ठिकाण: बाळापूर, जिल्हा अकोला
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

(सही) किसनराव शेषराव ताथोड

आमच्यासमोर गुरुजींनी सही केली.

साक्षीदार १: (सही) धर्मपाल, निवृत्त वाहक, पश्चिमेचे शेजारी
साक्षीदार २: (सही) देवमन, पार्सल खिडकी, बसस्थानक